बिसखोपड्याची राखण

सोनबर्डी गाव जिथे संपतं तिथून बरड सुरू होतं. कागदावर ती ई-क्लासची जमीन, म्हणजे सरकारी चराई. पण चरायला तिथे फारसं काही नाही. काळे गोटे, त्यांच्यामधून तांबडा मुरूम, कुठे बोराटीचं झुडूप, कुठे वाळलेल्या कुसळी गवताचे झुबके आणि चढावर एकच हिवराचं झाड. अकोल्याचा पारा शेहेचाळिसाला टेकला की पेपरात आकडा छापून येतो. तो आकडा खाली उतरून जमिनीवर बसतो तो इथे.

हलीमाबीने लग्नानंतरचं सगळं आयुष्य या गोट्यांवर बकऱ्या चारण्यात घालवलं. बाई लहानशी, सुकलेली, डोक्याला दुपट्टा आणि दुपट्ट्याच्या गाठीत ऊन लागू नये म्हणून एक कांदा. सकाळी ती गोट्याच्या पूर्वेकडे बसते, ऊन चढलं की पश्चिमेकडे, मग हिवराखाली. सावली सरकली की आपणही सरकायचं, यापलीकडे तिने उन्हाशी कधी भांडण केलं नाही. नवरा गुलाम नबी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी नगमा शेंदूरजनाघाटला दिली आहे, संत्र्याच्या बागेत. ती दर उन्हाळ्यात आईला नेते आणि आई चार दिवसांत परत येते. "तथी सगळं ओलं असते," हलीमाबी सांगते. "रात्रभर पाण्याचा आवाज. मले झोप येत नाई."

मे महिन्यात तिला सोबत असते ती सरड्यांची. दिवसाचे सरडे, बोटभर लांब, मुरमाच्या रंगाचे. नर उंचशा गोट्यावर चढतो आणि गळ्याखालची घडी उघडतो. निळी, काळी, शेंदरी. एवढ्या रखरखीत जमिनीवर तेवढाच रंग. हलीमाबी त्यांना नवरदेव म्हणते. "सीझन हाये त्याह्यचा," ती म्हणते, "पण बँडवाला नाई भेटला." ते मुंग्या खातात, वाळवी खातात, दगड तापला की पायाची बोटं उचलून उभे राहतात आणि अगदीच सोसेना झालं की झुडपात जातात. इतक्या वर्षांत त्यांच्यापैकी एकालाही पाणी पिताना तिने पाहिलेलं नाही.

बिसखोपडा मात्र वेगळा. तो रात्रीचा. दिवसा दगडाखाली पडून असतो. अंगावर पिवळे-तपकिरी पट्टे आणि ठिपके, शेपूट मुळ्यासारखं जाड. त्या शेपटात तो चरबी साठवतो आणि खायला काही मिळालं नाही तर तिच्यावर महिने काढतो. खरं सांगायचं तर ती एक जमिनीवरची पाल आहे आणि तिच्यात विषाचा थेंबही नसतो. पण सोनबर्डीत हे कोणाला सांगून उपयोग नाही. गावाचं ज्ञान असं: बिसखोपडा चावला की लगेच पाण्याकडे धावतो. चावलेल्या माणसानेही धावायचं. जो आधी न्हाला तो जगला. बिसखोपडा आधी भिजला तर माणूस पाणी मागायलाही उरत नाही. आणि रागाच्या भरात त्याला ठेचायचं नाही. ठेचला तर शर्यत तिथेच त्याच्या नावावर होते.

त्या दिवशी शकुन बरडावर आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शकुन म्हणजे खालच्या शेतातल्या गोवर्धनची बायको. दोघं मिळून वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवतात. हलीमाबीच्या बकऱ्या दुपारी जिथे बसतात तिथल्या लेंड्या शकुन खतासाठी गोळा करते, बदल्यात हलीमाबीला भाजी मिळते. हिशेब कोणी ठेवत नाही. शकुन तिला खाला म्हणते, म्हणजे मावशी.

"एवढ्या उन्हाची कोण येते वो?" हलीमाबी म्हणाली. "सकाळी काय मेली होती?"

"सकाळी सांभाराच्या जुड्या बांधल्या, खाला. अकोल्याची गाडी कोणाच्यान थांबते का?"

"अन् तुह्या नवऱ्याले हात नाईत?"

"थो ड्रिप साफ करून राहिला. लेंड्यांचा वास सहन होत नाई म्हणे त्याले."

"वांगे खाताना होते वाटते सहन."

शकुन हसली. तिने हिवराखालच्या लेंड्या झाडून पोत्यात भरल्या, पोतं खालच्या मोठ्या धोंड्यापाशी ओढत आणलं आणि वाऱ्याने तोंड उघडू नये म्हणून त्यावर ठेवायला एक चपटा दगड उचलायला गेली. दगडाखाली बोटं सरकवली तेव्हा मुरमाऐवजी काहीतरी मऊ हाताला लागलं. तिने हात झटकला. बोटाला एक लहानसं जनावर लोंबकळत होतं. ते सुटून खाली पडलं आणि धोंड्याखालच्या भेगेत गेलं. शेपूट मात्र बाहेरच राहिलं. ते जाड, पट्ट्यापट्ट्याचं शेपूट एकटंच मुरमावर उलटंसुलटं होत होतं.

"खाला," शकुन म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "बिसखोपडा."

बोटावर रक्ताचे दोन-तीन टिपके होते. हलीमाबी ते पाहते तोवर शकुन वळली होती. पाणी खाली तिच्याच शेतात, बोअरजवळच्या टाक्यात. मधे सगळा उतार, तापलेले गोटे, कुठे सावली नाही. हलीमाबीने तिचा पदर धरला.

"सोड, खाला. थो जाईन."

"बस खाली."

"मले जाऊ दे. थो आदी गेला तर..."

"थो आत हाये. मी पायलं त्याले जाताना." हलीमाबीने पदर हाताला गुंडाळला. "धावशीन तर अर्ध्यातच पडशीन. काल तुकारामबुवाच्या कालवडीनं अशाच उन्हात धाव घेतली होती, संध्याकाळी कातडं काढलं तिचं. आयक. शर्यत दोघांत असते ना? मी एकाले इथीच बसवून ठेवते. मंग तुले धावायचं काम काय?"

शकुनने तिच्याकडे पाहिलं. असा विचार गावात अजून कोणी केला नव्हता.

"थो निंघाला तर?"

"माह्यावरून निंघन का?" हलीमाबीने आपली पाण्याची कॅन उचलून तिच्या हातात दिली. "हे घे. घोट घोट पेत जा. गोवर्धनले म्हणा, दवाखान्यात ने. आदी आंग धू, मंग दवाखाना. अन् इथी झाकण उघडू नको. एक थेंब सांडला तरी त्याचं काम होते."

"अन् तुले पाणी?"

"मी काय नवी हावो का उन्हाले? जाय. हळू जाय."

शकुन उतारावरून गेली, मधे मधे मागे पाहत. प्रत्येक वेळी हलीमाबी काठी वर करून दाखवत होती. शेवटी शकुन बाभळींच्या आड दिसेनाशी झाली.

मग हलीमाबी कामाला लागली. धोंडा बैलगाडीएवढा, पापुद्रे सुटलेला, खाली भेगाच भेगा. हाताला आले ते गोटे तिने भेगांत ठोसले. दगड इतके तापले होते की दुपट्ट्याचं टोक हाताला गुंडाळावं लागलं. तरी दोन फटी उरल्या. त्या बुजवायला गेलं की खालचा मुरूम ढासळे आणि फट मोठीच होई. तेव्हा तिने ते सोडलं आणि दोन्ही फटी दिसतील अशी मधे बसली. तिथे सावली नव्हती. हिवर हाकेच्या अंतरावर होता, पण तिथून एकच फट दिसे.

बकऱ्यांनी काही वेळ तिची वाट पाहिली. मग म्हातारी बकरी उठली आणि तिच्यामागे सगळ्या गावाकडे उतरल्या. त्यांना वळवायला उठायचं तर फटींकडे पाठ करावी लागली असती. हलीमाबीने त्यांना जाऊ दिलं.

गावातून दुपारच्या अजानीचा आवाज आला, उन्हात विरत विरत. ती बसल्या बसल्याच पुटपुटली. नजर फटीवर होती.

धोंड्यावर एक नवरदेव आला. त्याने गळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. दगड फार तापला होता. त्याने एक पाय उचलला, मग दुसऱ्या बाजूचा, मग तोंड उघडं ठेवून थोडा वेळ तसाच राहिला आणि शेवटी भर्रकन बोराटीत शिरला. जन्मापासून या जमिनीवर राहणाऱ्याने हार मानली होती. हलीमाबी बसून राहिली. दुपट्ट्यातल्या कांद्याचा वास तिला आता शिजल्यासारखा येत होता.

बऱ्याच वेळाने तिला शंका आली की आतला मेला तर नाही. मेला तर शर्यतीचं काय होतं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ती आडवी झाली, गाल मुरमाला लावला आणि फटीत पाहिलं. आतून थंड हवेचा एक पातळ झोत तिच्या चेहऱ्यावर आला. इतका थंड, की तिचे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा आत, वीतभर अंतरावर, दोन डोळे होते. घरातल्या पालीचे डोळे कधी मिटत नाहीत. याला पापण्या होत्या. त्याने त्या सावकाश मिटल्या, उघडल्या आणि जिभेने एक डोळा चाटून घेतला, माणूस चष्मा पुसतो तसा. गळा धडधडत होता. तुटल्या शेपटाच्या जागी लालसर टोक होतं.

"आरामात हाये तू," हलीमाबी त्याला म्हणाली.

तो हलला नाही.

"पाणी पायजे ना? मलेही पायजे."

तो पाण्याकडे निघालेला दिसत नव्हता. कुठेच निघालेला दिसत नव्हता. आणि तेव्हा हलीमाबीच्या मनात ते आलं. जे जनावर बाराही महिने या मुरमात काढतं, ज्याच्या भाऊबंदांना तिने कधी पाणी पिताना पाहिलं नाही, ते चावल्यावरच पाण्याकडे कशाला धावेल? त्याचं सगळं पाणी तर त्याच्या अंगातच असतं. किड्यातून मिळतं, पहाटे दगड ओलसर होतो तेव्हा चाटून मिळतं. याला टाकं कुठे आहे ते तरी माहीत आहे का?

विचार सरळ होता. त्यावर विश्वास ठेवून ती उठू शकत होती. हिवराखाली जाऊ शकत होती, गावात जाऊन रांजणात तोंड घालू शकत होती. ती अर्धवट उठलीही. पण विचार चुकला तर मरणार होती शकुन, ती नव्हे. दुसऱ्याच्या जिवावर आपला विचार तपासून पाहायचा, हे तिला जमेना. ती परत बसली.

त्यानंतर घाम येणं थांबलं. तिला आधी बरंच वाटलं. अंगावरून काहीतरी ओझं उतरल्यासारखं. मग कानात गुणगुण सुरू झाली, पाण्याच्या मोटारीसारखी. तिला वाटलं नगमाच्या बागेतच बसलो आहोत. काठीच्या सावलीला दोन टोकं दिसू लागली. कोणती फट खरी, कोणती भासाची हे कळेना तेव्हा तिने एका फटीवर पाय ठेवला आणि दुसरीवर हात.

इकडे शकुन शेतात पोचली ती टाक्याकडेच वळली, पण उन्हाने तिला तिथवर जाववेना. बिसखोपडा चावल्याचं ऐकून गोवर्धनने तिला अंघोळीलाही थांबू दिलं नाही. शेजारच्या शेखरला मागे बसवून, मधे शकुनला धरून, त्याने मोटरसायकल थेट तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेली. वाटेत ती दोनदा म्हणाली, "खाला बसली हाये तथी." गोवर्धनला वाटलं, बरळून राहिली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने बोट पाहिलं, जबड्याच्या खुणा पाहिल्या, सापाचा दात नाही ना याची दोनदा खात्री केली. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगता ती पाल आहे. तिला विष नसतं. तुम्ही घाबरलात आणि ऊन लागलंय. त्याला सलाईन लावतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, रात्रभर इथंच राहा."

गोवर्धन भिंतीला टेकून खाली बसला. शकुनने मात्र बाटलीतून पडणाऱ्या थेंबांकडे पाहिलं आणि विचारलं, "मले आंग कवा धुऊ देसान?"

"उद्या."

"उद्या?" ती गोवर्धनकडे वळली. "अवो, थे म्हातारी मरन ना. मी न्हाल्याबिगर थे उठणार नाई. मी तुमाले गाडीवरच सांगतलं होतं."

गोवर्धन उठला. हलीमाबीचा फोन लागत नव्हता. बरडावर तो कधीच लागत नाही. शेखरला शकुनजवळ बसवून त्याने दोन बिसलेऱ्या घेतल्या, आणि त्या सगळ्या रस्त्याने त्याने गाडीचा वेग कमी केला नाही.

तो चढ चढून आला तेव्हा सूर्य उतरला होता, पण गोटे अजून धगधगत होते. हलीमाबी धोंड्याला चिकटून वाकडी पडली होती, एक पाय एका फटीवर, एक पंजा दुसरीवर. चेहरा तांब्यासारखा लाल आणि कोरडा. ओठ पांढरे. त्याने तिच्या कपाळाला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

"खाला. उठ. शकुन बरी हाये."

तिने डोळे उघडले. त्याला ओळखायला तिला वेळ लागला. "न्हाली का?"

"डॉक्टर म्हणते त्याच्यात विषच नसते. पाल हाये थे."

"न्हाली का?"

गोवर्धनने बाटलीचं झाकण पिळलं. हलीमाबीचा हात फटीवरून उठला आणि त्याच्या मनगटावर बसला. त्या हातात इतकं बळ असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"इथी नको."

"अवो, पे तर खरं. मरशीन."

"इथी नको. सांडन." जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांवर पडत होते. "थो आतच हाये. बसला हाये टपून."

"मंग त्या झाडाखाली चाल."

"अन् इथी कोण?"

गोवर्धनने तिला उचलायला हात घातले. वजन काहीच नव्हतं. तरी तिने बोटं धोंड्याच्या कपारीत अशी रोवली की ओढलं तर नखं निघाली असती. तो थांबला. शकुन न्हाली म्हणून सांगावं का? पण तिने दोनदा विचारूनही त्याने उत्तर दिलं नव्हतं. आता दिलं तर ती ओळखेल. आणि तिच्याकडे फार वेळ नव्हता, हे तिच्या श्वासावरून दिसत होतं. तो आखूड झाला होता, धोंड्याखालच्या जनावरासारखा गळ्यातल्या गळ्यात.

तो तिच्यासमोर मुरमावर उकिडवा बसला.

"काठी दे," तो म्हणाला.

तिने पाहिलं.

"काठी दे माह्याकडे. मी बसतो. तू झाडाखाली जा अन् पाणी पे. दोन फटी ना? ही अन् ही. मी सोडत नाई त्याले."

"तुले गंमत वाटते."

"बायको माही हाये, खाला. मले गंमत वाटन?"

हे तिला पटलं. तिने हात काढला तसा त्याने तिथे हात ठेवला. पाय काढला तसा पाय. अदलाबदल करताना एक फट क्षणभरही उघडी राहू नये याची दोघांनी सारखीच काळजी घेतली. मग तिने बाटल्या दुपट्ट्यात बांधल्या आणि हिवराकडे निघाली, कधी उभ्याने, कधी हातावर. गोवर्धनला जागेवरून उठता येत नव्हतं. तो मान वळवून पाहत राहिला. ती झाडाला टेकली. पहिला घोट उलटून पडला. दुसरा राहिला.

"डोक्यावर ओत," तो ओरडला. "आता ओत."

तिने ओतलं. दुपट्टा भिजून काळा झाला. ती पुन्हा प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. मग तिचं डोकं झाडाला टेकलं आणि हात मात्र बाटलीवरच राहिला, झाकण घट्ट लावून.

अंधारायला आलं होतं. दगडांतून आता फक्त ऊब येत होती. गोवर्धनचा पाय बधिर झाला म्हणून त्याने तो जरा सरकवला, आणि त्याला कळलं की चपलेजवळ काहीतरी हललं. बिसखोपडा फटीच्या तोंडाशी आला होता. टिचभर लांब, शेपूट नसल्यामुळे अर्धवट वाटणारा. त्याने डोळे मिटले, उघडले, एक डोळा चाटला. गोवर्धनने काठी उचलली. डॉक्टर काय म्हणाला ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं, तरी त्याने चपलेतली बोटं आखडून घेतली.

जनावर चार पायांवर उंच झालं आणि चालू लागलं. सावकाश, मांजरासारखं. ते त्याच्या चपलेवरून गेलं. शेतातलं टाकं खाली होतं. ते वर निघालं, चढाच्या दिशेने, जिथे गोट्यांशिवाय काही नाही. तिथे कुठेतरी वाळवी असेल, रातकिडे असतील. गेलेलं शेपूट पुन्हा भरून यायला त्याला पुष्कळ खावं लागणार होतं. काठी उचललेलीच राहिली. पुढच्या गोट्याआड ते दिसेनासं झालं.

"गोवर्धन," हिवराखालून आवाज आला. आवाज ओला झाला होता, ओळखीचा झाला होता. "हाये का आत?"

त्याने काठी खाली घेतली आणि रिकाम्या फटीवर आडवी धरली.

"हाये," तो म्हणाला. "तू पे."